स्टार स्क्रू का घासतो? जात, नंबर आणि क्रम

बहुतेक घरांत एकच टू-इन-वन ड्रायव्हर असतो. त्याचं पातं उलटं घातलं की फुलीचं टोक बाहेर येतं आणि तेच टोक सगळीकडे चालवलं जातं: किचनच्या बिजागरीला, एमसीबीला (वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचला), स्कूटरच्या कव्हरला, लॅपटॉपच्या तळाला. कुठे बसतं, कुठे नुसतंच टेकतं. टेकलेलं टोक फिरवलं की दोन-तीन वेळा 'कट्‌' आवाज येतो, खाच गोल होते आणि ठपका स्क्रूवर येतो. स्क्रू हलक्या धातूचा असू शकतो, पण बरेचदा तो फिरायच्या आधीच चुकीच्या टोकाने मारलेला असतो.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. पहिले चार टप्पे स्क्रू फिरवायच्या आधीचे आहेत आणि नेमके तेच वगळले जातात.

## १. खाच साफ करा

ड्रायव्हरचं टोक खाचेत शेवटपर्यंत उतरलं तरच त्याच्या पाकळ्या (फुलीचे चार हात) खाचेच्या भिंतींना पूर्ण उंचीवर टेकतात. तळाशी मिलिमीटरभर रंग किंवा पुट्टी साचलेली असली की टोक तेवढंच वर राहतं आणि सगळा जोर भिंतीच्या वरच्या पातळ कडेवर येतो. ती कड आधी मोडते.

- रंगकाम झालेल्या घरात दाराच्या बिजागऱ्या आणि पडद्याच्या रॉडचे ब्रॅकेट यांच्या खाचा रंगाने भरलेल्या असतात. जाड सुई, टोच्या किंवा जुन्या कंपासचं टोक घेऊन चारही कोपरे वेगवेगळे कोरा. मधलं भोक मोकळं झालं म्हणून थांबू नका. कोपऱ्यातला रंगच टोकाला वर उचलतो.
- मग टूथब्रशने घासा आणि फुंकर मारा.
- खाडीलगतच्या इमारतींत, म्हणजे वाशी-नेरुळच्या खाडीकडच्या बाजूला किंवा कोपरी-कळव्याला, खिडकीच्या स्क्रूंना पावसाळ्यानंतर गंज धरतो. तिथे डब्ल्यूडी-४० सारखं तेल दोन थेंब टाकून निदान पंधरा-वीस मिनिटं थांबा. लगेच फिरवायचं असेल तर तेल टाकून उपयोग नाही.

इशारा: विजेच्या बोर्डात किंवा एमसीबीवर कुठलाही स्प्रे मारू नका. तिथे कोरडा ब्रश पुरतो.

तपासा: टॉर्च तिरका धरा. खाचेचे चारही हात तळापर्यंत दिसले पाहिजेत.

## २. खाचेची जात ओळखा

दुकानात 'स्टार' म्हटलं की फुलीचा ड्रायव्हर हातात येतो. (सहा टोकांची खरी चांदणी हवी असेल तर 'टॉर्क्स' म्हणा.) फुलीतही आपल्याकडे तीन जाती भेटतात. वरवर पाहता तिन्ही सारख्या दिसतात आणि घोळ इथेच होतो.

फिलिप्स (पीएच). साधी फुली, बाकी कुठलीही खूण नाही. पाकळ्यांच्या बाजू खाली निमुळत्या होत जातात. फिरवण्याचा जोर या तिरप्या भिंतीवर पडला की त्याचा काही भाग ड्रायव्हरला वर, खाचेबाहेर ढकलतो. म्हणून फिलिप्सला फिरवण्याइतकंच, बरेचदा त्याहून जास्त, दाबावं लागतं. स्विचबोर्डची प्लेट, जिप्समच्या फॉल्स सीलिंगचे काळे स्क्रू, घरगुती उपकरणं, संगणक, लॅपटॉप हे सगळं सहसा फिलिप्स.

पॉझिड्राइव्ह (पीझेड). फुलीच्या हातांमध्ये, ४५ अंशांत, चार बारीक रेघा कोरलेल्या असतात. पाकळ्यांच्या बाजू जवळजवळ सरळ उभ्या, त्यामुळे ड्रायव्हर बाहेर ढकलला जाण्याचं प्रमाण बरंच कमी. ड्रायव्हरच्या टोकालाही पाकळ्यांमध्ये बारीक कण्या असतात. बोटाने फिरवून पाहिलं तर लागतात. मॉड्युलर किचनच्या कप बिजागरीचे स्क्रू, तयार फर्निचरचे चिपबोर्ड स्क्रू आणि बऱ्याच एमसीबींचे टर्मिनल (वायर कसायचे स्क्रू) या जातीचे असतात. एमसीबीत तर फुली आणि चपटी खाच एकत्र असते. ती पाहून माणूस चपटा ड्रायव्हर लावतो किंवा पीएच २ घालतो, आणि दोन्हीला ती खाच अर्धवटच मिळते.

जपानी घाट (जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानक). फुलीशेजारी डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. सगळ्यांवर नसतो, पण दिसला तर ओळख पक्की. जपानी घराण्याच्या मोटरसायकली आणि स्कूटर, विशेषतः जुन्या गाड्यांचे कार्ब्युरेटर, इंजिनाची बाजूची झाकणं, मास्टर सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या डबीचं) झाकण इथे हे स्क्रू भेटतात. फिलिप्सच्या टोकाचे आतले कोपरे या खाचेच्या मानाने जास्त गोलाकार, म्हणून टोक तळाला जायच्या आधीच अडतं. मास्टर सिलिंडरच्या झाकणाचे दोन स्क्रू घासलेले नाहीत अशी जुनी गाडी विरळाच.

कुठल्या टोकाने कुठलं चालतं:

- पीझेड टोक पीएच खाचेत नीट उतरतच नाही, कण्या आड येतात. ही चूक निदान लगेच कळते.
- पीएच टोक पीझेड खाचेत उतरतं आणि बसल्यासारखं वाटतं. जास्त नुकसान याच जोडीने होतं, कारण शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात, खरा जोर लागतो तिथे, ते उसळतं.
- जेआयएस टोक फिलिप्स खाचेत बऱ्यापैकी चालतं. उलट चालत नाही.

तपासा: चार रेघा दिसल्या की पीझेड, ठिपका दिसला की जेआयएस, काहीच नसलं की पीएच. मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करून पाहा. गंजलेल्या स्क्रूवर नुसत्या डोळ्यांना रेघा दिसत नाहीत.

## ३. नंबर ठरवा

डोक्याच्या रुंदीवरून नंबर ठरवू नका. चपट्या आणि गोल डोक्याच्या स्क्रूंत डोकं लहानमोठं असतं, खाच मात्र एकच. नंबर स्क्रूच्या जाडीवरून काढा.

आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानकाच्या) मापाच्या मशीन स्क्रूंसाठी, म्हणजे नटात किंवा आधीच आटे पाडलेल्या भोकात जाणाऱ्या (एम पुढचा आकडा म्हणजे मिमीतली जाडी):

- एम १.६ आणि एम २: नंबर ०
- एम २.५ आणि एम ३: नंबर १
- एम ३.५ ते एम ५: नंबर २
- एम ६: नंबर ३
- एम ८ आणि एम १०: नंबर ४

त्याहून बारीक, म्हणजे मोबाइल, चष्मा, कॅमेरा यांना ०० आणि ०००.

हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू '३५ × ८' असा मागतात: लांबी ३५ मिमी, जाडी ८ नंबर. हा ८ आणि ड्रायव्हरचा नंबर यांचा काही संबंध नाही. पत्र्यात-अॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या सेल्फ टॅपिंग स्क्रूंसाठी हिशेब असा:

- ४ नंबर (साधारण २.९ मिमी): ड्रायव्हर १
- ६, ८ आणि १० नंबर (३.५, ४.२ आणि ४.८ मिमी): ड्रायव्हर २
- १२ आणि १४ नंबर (५.५ आणि ६.३ मिमी): ड्रायव्हर ३

चिपबोर्डच्या पीझेड स्क्रूंत ३ मिमीपर्यंत पीझेड १, ३.५ ते ५ मिमीला पीझेड २, ६ मिमीला पीझेड ३.

चुकीचा नंबर लक्षात का येत नाही? १ ते ४ नंबरच्या फिलिप्स टोकांचा उतार सारखाच असतो; फरक पाकळ्यांच्या रुंदीत आणि टोक किती वरून छाटलंय त्यात. त्यामुळे १ नंबरचं टोक २ च्या खाचेत खुशाल आत जातं आणि फक्त तळाजवळ टेकतं. ३ नंबरचं वरच अडकून राहतं. दोन्ही वेळा 'लागलं' असं वाटतं.

तपासा, तीन चाचण्या:

१. ड्रायव्हर खाचेत उभा ठेवून मूठ डावी-उजवी हलवा. टोक डुगडुगलं तर लहान आहे.
२. न दाबता थोडं पुढे-मागे फिरवा. स्क्रू हलायच्या आधी जाणवण्याइतकी मोकळी फिरकी असेल तर नंबर किंवा जात चुकली.
३. सुटा स्क्रू टोकावर लावून ड्रायव्हर आडवा धरा. नीट बसलेला स्क्रू लगेच पडत नाही. पण टोक चुंबकीय असेल तर ही चाचणी फसवी आहे, चुंबक चुकीच्या टोकालाही स्क्रू धरून ठेवतो. तेव्हा स्टेनलेसचा स्क्रू घ्या किंवा पहिल्या दोन चाचण्यांवरच भिस्त ठेवा.

मापाबद्दल शंका असेल तर मोठ्या नंबरापासून सुरुवात करून खाली या. मोठं टोक अडतं तेव्हा कळतं. लहान टोक गुपचूप उतरतं.

## ४. ड्रायव्हर तपासा

पाकळ्यांच्या कडा धारदार नसल्या तरी स्पष्ट दिसायला हव्यात. कडा चकचकीत गोल झाल्या असतील, एखादा टवका उडाला असेल किंवा पाकळ्या किंचित पिळल्या असतील तर ते टोक बाद. असं एक टोक घरातले दहा स्क्रू खराब करतं आणि किंमत मात्र एका बिटाची (सुट्या टोकाची).

टोक ग्राइंडरवर घासून 'नवं' करू नका. मापच बदलतं. शिवाय धातू तापून निळा पडला की त्याचं पाणी उतरतं (कडकपणा जातो) आणि पुढच्याच स्क्रूला पाकळी वाकते.

लांब ड्रायव्हरने जास्त जोर मिळतो हा समज चुकीचा. पीळ मुठीच्या जाडीवर ठरतो. लांबीमुळे फक्त सरळ धरणं सोपं जातं. ड्रायव्हर स्क्रूच्या रेषेत हवा. थोडा तिरका झाला तरी चारपैकी दोनच पाकळ्यांवर भार येतो. जागा अपुरी असेल तर लांब ड्रायव्हर तिरका घालण्यापेक्षा आखूड, जाड मुठीचा घ्या. टू-इन-वनचं पातं मुठीत खुळखुळत असेल तर तो नुसता प्लेटच्या स्क्रूंसाठी ठेवा.

आणि टेस्टर म्हणजे ड्रायव्हर नव्हे. त्याचं बारीक चपटं टोक फुलीच्या दोन हातांत घालून स्क्रू काढणं घरोघरी चालतं. त्यात खाच जातेच, पण टेस्टरची मूठ तडकली तर पुढच्या वेळी तोच टेस्टर वीज तपासायला वापरणाऱ्याचा हात धोक्यात येतो.

## ५. जागेप्रमाणे तयारी

विजेचा बोर्ड. मेन बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. मेन स्विच बंद असला तरी मीटरकडून येणारी बाजू चालूच असते. तिला हात लावायचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं, आणि मीटरचं सील कुणीच तोडायचं नाही. ड्रायव्हर १००० व्होल्टची खूण असलेला, टोकापर्यंत इन्सुलेशन चढवलेला घ्या. साध्या ड्रायव्हरवर टेप गुंडाळून तो इन्सुलेटेड होत नाही. एमसीबीचा टर्मिनल किती कसायचा ते बरेचदा त्याच्या अंगावरच न्यूटन-मीटरमध्ये छापलेलं असतं. ढिला राहिला तर वायर तापते, म्हणून इथे खाच शाबूत राहणं ही नुसती दिसण्याची बाब नाही.

मॉड्युलर किचन. घोडबंदर रोडच्या नव्या इमारतींत ही तक्रार नेहमीची: दार खाली उतरलं, स्क्रू फिरवला, खाच गेली. कप बिजागरीवर सहसा डावी-उजवी बाजू, आत-बाहेर आणि वर-खाली अशा तीन सरकवण्या असतात, आणि बहुतेक ठिकाणी टोक पीझेड २ लागतं. आधी दार एका हाताने किंवा खाली पुठ्ठ्याची चळत लावून उचलून धरा, म्हणजे स्क्रूवरचा भार जातो. एका वेळी अर्धा फेरा फिरवा आणि दार लावून पाहा.

खिडकी. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत साधा पॉलिश केलेला लोखंडी स्क्रू खाडीच्या हवेत टिकत नाही. स्टेनलेस (३०४ ग्रेडचा, अगदी पाण्याकाठी ३१६) टिकतो, पण त्याच्याभोवती अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरू शकते. शिवाय स्टेनलेसची खाच कडक पोलादी टोकापुढे मऊ पडते, तेव्हा नंबराची चूक इथे लवकर भोवते.

लॅपटॉप. स्क्रूच्या आट्यांना अनेकदा निळा चिकट लेप असतो. पहिल्या झटक्याला तो तुटतो, त्यामुळे सुरुवातीलाच खाली घट्ट दाबा. कुठला स्क्रू कुठला हे कागदावर तळाचं चित्र काढून त्यावर टोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतलं बोर्ड भोसकतो.

## ६. फिरवण्याचा क्रम

खोलताना:

१. टोक बसवा, ड्रायव्हर रेषेत आणा.
२. तळहात मुठीच्या मागे ठेवून दाबा. अजून फिरवू नका.
३. दाब तसाच ठेवून आधी किंचित कसण्याच्या दिशेला, उजवीकडे ढकला. गंज किंवा रंगाची पकड इथे सुटते, आणि खाचेची कसण्याच्या बाजूची भिंत खर्ची पडते, खोलण्याची नाही.
४. मग डावीकडे. पहिला पाव फेरा दोन्ही हातांनी: एक दाबायला, एक फिरवायला.
५. 'कट्‌' आवाज आला की तिथेच थांबा. दुसऱ्यांदा तोच प्रयत्न करू नका. टप्पा २ आणि ३ पुन्हा तपासा.

कसताना:

१. जुन्या भोकात स्क्रू परत घालताना, खास करून प्लास्टिक आणि चिपबोर्डमध्ये, आधी डावीकडे हळू फिरवा. आट्यांचं तोंड जुळलं की स्क्रू किंचित खाली बसल्याचं बोटांना कळतं. तिथून उजवीकडे. ही सवय नसली तर दर वेळी नवे आटे कापले जातात आणि तीन-चार वेळांत स्क्रू भोकात नुसता फिरत राहतो.
२. नव्या लाकडात आधी बारीक भोक पाडा: ६ नंबरच्या स्क्रूला २ ते २.५ मिमी, ८ ला २.५ ते ३, १० ला ३ ते ३.५. सागवानासारख्या कठीण लाकडात वरचं माप, मऊ लाकडात खालचं.
३. आट्यांना मेणबत्ती घासा. साबण नको, तो दमट हवेत ओल धरतो आणि स्क्रू आतून गंजतो.
४. डोकं टेकल्यावर बेताने कसा. प्लास्टिकला साधारण पाव फेरा खूप झाला.

## ७. ड्रिलला बिट लावताना

बिट २५ किंवा ५० मिमीचा, मागची सहा बाजूंची दांडी पाव इंची (६.३५ मिमी). जात आणि नंबर बिटाच्या अंगावर कोरलेले असतात; पेटीतल्या खणावर विसंबू नका, बिट इकडचे तिकडे होतात.

- क्लच (ठरावीक जोर आला की बिट फिरायचं थांबवणारी, आकडे लिहिलेली कडी) सगळ्यात खालच्या आकड्यांवरून सुरू करा. स्क्रू पूर्ण न जाता क्लच सुटला तर एकेक आकडा वाढवा. कडी ड्रिलच्या खुणेवर ठेवून स्क्रू कसू नका, तिथे क्लच सुटत नाही.
- गिअर १, ट्रिगर अर्धवट.
- शेवटचा पाव फेरा हाताने.
- गंजलेला स्क्रू काढायला ड्रिल लावू नका. बिट उसळला तर खाच सेकंदात गोल होते, हाताने घासायला निदान तीन चुका लागतात.

## ८. खाच गेलीच तर

हा क्रम पाळा. पुढचा उपाय आधी केला की मागचा कायमचा हातचा जातो.

१. खाच पुन्हा साफ करा, नवा बिट घ्या. निम्म्या वेळा जुनं टोकच गुन्हेगार असतं.
२. खाचेत व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टचा ठिपका लावा (गाड्यांच्या स्पेअरच्या दुकानात मिळते). तिचे कण पकड वाढवतात. रबर बँड ठेवायची युक्ती फक्त किंचित घासलेल्या, सैल स्क्रूला चालते. घट्ट स्क्रूत रबर कापलं जातं आणि त्याचे तुकडे खाचेत बसतात.
३. जुना बिट खाचेवर ठेवून हातोडीने दोन-तीन ठोके द्या, मग त्याच बिटाने दाबून फिरवा. काच, फरशी किंवा लॅपटॉपच्या जवळ हे करू नका.
४. इंजिनाच्या झाकणासाठी हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. ठोका दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो. दिशा खोलण्याची आहे ना, हे ठोकायच्या आधी पाहा.
५. डोकं वर असेल तर व्हाइस ग्रिपने (दाबून लॉक होणाऱ्या पकडीने) बाजूने धरा, किंवा हॅक्सॉच्या पात्याने आडवी खाच पाडून चपटा ड्रायव्हर लावा.
६. शेवटी डोकं ड्रिलने उडवा. ड्रिल बिट स्क्रूच्या दांडीइतक्या जाडीचा, डोक्याइतका नव्हे. झाकण सुटलं की उरलेली दांडी पकडीने धरून फिरते. ताण गेलेला असल्याने ती बरेचदा सहज निघते. डोळ्यांना चष्मा हवाच.

घासलेला स्क्रू परत लावू नका.

## ९. विकत घेताना

मुठीवर किंवा दांडीवर जात आणि नंबर छापलाय का ते पाहा. नुसतं '६ × १००' लिहिलं असेल तर ती दांडीची जाडी आणि लांबी, टोकाचा नंबर नव्हे. नेहमीची जोडी अशी: नंबर ० ला ३ मिमी दांडी, १ ला ४.५ किंवा ५, २ ला ६, ३ ला ८. पण खात्रीसाठी ओळखीचा स्क्रू खिशातून न्या आणि काउंटरवरच टप्पा ३ च्या चाचण्या करा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान.

घरासाठी या क्रमाने घ्या: पीएच २ (जाड मुठीचा), पीझेड २, पीएच १, पीएच ०. बोर्डाची कामं स्वतः करत असाल तर पीझेड २ इन्सुलेटेडच घ्या, तोच किचनलाही चालतो. दारात जुनी जपानी घाटाची गाडी असेल तर जेआयएस २; तो ऑनलाइन मागवावा लागण्याची शक्यता जास्त. पीएच ३ लागला तेव्हा घेतला तरी चालतं. बत्तीस बिटांच्या स्वस्त पेटीवर पैसे घालवू नका: त्यातले पीएच २ दोन महिन्यांत झिजतात आणि उरलेले अठ्ठावीस कधी वापरले जात नाहीत.